वाळकाच्या बियांची खिरापत

आमच्या गल्लीत काकूला कुणी हरवू शकत नाही, हे मी पाढे शिकायच्या आधी शिकले. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमच्या घराला लागून तिचं घर, मधे कुडाची भिंत, आणि त्या भिंतीला आई-काकूनं मिळून पाडलेलं एक भोक. त्यातून विरजणाची वाटी इकडून तिकडे जायची आणि गल्लीतल्या बातम्याही. अंगानं काकू अगदी किरकोळ. वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून हिच्या डोक्यावर घागर द्यावी लागते, असं काका म्हणायचे. तेव्हा हरवायचं ते काही कुस्तीत नव्हे. खिरापतीत.

भादव्याच्या पुनवेला आमच्याकडे भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. पार्वती महिनाभर माहेरी येते, सोबत भुलोजी, म्हणजे शंकर. असला जावई आमच्या वऱ्हाडातच, जो बायकोच्या माहेरी महिनाभर मुक्काम ठोकतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. कुंभाराकडून मातीची जोडी आणायची, ज्वारीच्या हिरव्या धांड्यांचा मखर बांधायचा, आणि रोज दिवेलागणीला गल्लीतल्या पोरींनी टिपऱ्या घेऊन घरोघर जायचं. गाणी म्हणायची. गाणी संपली की ज्या घरची भुलाबाई असेल तिथली बाई झाकलेला डबा घेऊन येणार, तो कानाशी हलवणार आणि विचारणार, सांगा पोरींनो, खिरापत काय?

मग प्रश्न सुटायचे. गोड का तिखट? कढईतलं का तव्यावरचं? शेतातलं का दुकानातलं? डबेवालीनं फक्त हाव किंवा नाही म्हणायचं. खोटं बोलायचं नाही, हा एकच नियम होता आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. ओळखलं तर पोरी जिंकल्या. नाही ओळखलं तर सगळ्यांनी हात जोडून, हरलो बाई, म्हणायचं, आणि मगच झाकण उघडायचं.

बाकीच्या घरी आम्ही बहुतेक जिंकायचो. डबा खुळखुळला की शेंगदाणे, खसखसला की लाह्या, धप्प वाजला की सांजोऱ्या. आमची आई तर बिचारी शेतातून आल्यावर जे हाती लागेल ते डब्यात टाकायची. तिचा डबा आम्ही ती उंबऱ्यात असतानाच ओळखायचो, आणि तीही, लौकर ओळखा वो बायांनो, मले भाकरी टाकाच्या हायेत, असं म्हणायची.

काकूचं निराळं. तिच्या डब्याला आवाजच नसायचा. ती खाऊ पळसाच्या पानात गुंडाळून ठेवायची. कधी मुद्दाम सोबत दोन चिंचोके टाकायची, की आम्ही फुटाणे, फुटाणे म्हणून ओरडावं. आत निघायची कवठाची वडी. एकदा कोहळ्याच्या फुलांची भजी निघाली. एकदा ओल्या मक्याचं काहीतरी गोड, ज्याला तिनंही नाव ठेवलेलं नव्हतं. आम्ही हात जोडले की तिच्या डोळ्यांत जे काही यायचं, ते मी नंतर फार थोड्या माणसांच्या डोळ्यांत पाहिलं. ती टाळ्या वाजवायची. मोठी बाई, घरची सून, आणि लहान पोरीसारखी जागच्या जागी उड्या मारत टाळ्या वाजवायची.

पण तिची खरी खिरापत कोजागिरीची. वाळकाच्या बियांची वडी. वाळूक आमच्याकडे ज्वारीच्या रानात पसरतं, काकडीच्या जातीचं, पिकलं की घरभर वास सुटतो. सगळे गर खातात आणि बिया उकिरड्यावर टाकतात. काकू त्या गल्लीभरातून मागून आणायची, राखेत घोळून वाळवायची, आणि पुढे उन्हाळाभर दुपारी ओट्यावर बसून एकेक बी अंगठ्याच्या नखानं सोलायची. आतला मगज तांदळाच्या कणीएवढा. दुपारभर सोलून चिमूटभर जमायचा. त्याची गुळाच्या पाकात वडी. पहिल्या वर्षी ती आम्हाला ओळखता आली नाही यात नवल नव्हतं. पण दरवर्षी आम्ही मुद्दाम ती सोडून बाकी सगळी नावं घ्यायचो आणि हरायचो, कारण काकूला जिंकलेलं बघायला आम्हाला आवडायचं. तिला हे कळत होतं का? कळतच असेल.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. काकूला मूल नव्हतं. गल्लीत कुणाच्या सुनेची ओटी भरायची असली की काकूला बोलावणं यायचं, पण ओटी भरायला पुढे हो, असं तिला कुणी म्हणायचं नाही. ती कोपऱ्यात बसून पानं पुसून द्यायची. कोजागिरीला आमच्याकडे घरातल्या पहिल्या लेकराला नवे कपडे घालून ओवाळतात. मी आईची थोरली. आई मला पाटावर बसवायची, आणि भिंतीच्या भोकातून मला दिसायचं की पलीकडे काकूनंही निरांजन लावलंय आणि ती मातीच्या भुलाबाईला ओवाळतेय. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "माही थोरली लेक हेच न वो. सालातून एक बार येते, मंग ओवाळू नको काय?"

अकरा महिने तिचं घर गप्प असायचं. या एका महिन्यात गल्लीतल्या सगळ्या पोरी तिच्या ओट्यावर, तिच्या अंगणात, तिच्या पदराला. तो महिना तिचा होता. तो तिच्याकडून जाऊ नये, एवढंच मला लहानपणी देवाकडे मागावंसं वाटायचं. आपलं मागणं देव फार मनावर घेत नाही, हेही मी तेव्हाच शिकले.

मी सातवीत असेन तेव्हा अमडापूरच्या बाजारात कंपनीची गाडी आली. गाडीवर भोंगा, भोंग्यात गाणी, आणि मागच्या दारातून एक पँटवाला माणूस पोराटोरांना बिस्किटं वाटत होता. कंपनी विलायतची आहे असं तो दर दोन गाण्यांनंतर सांगायचा. पुड्यावर सोनेरी केसांच्या गुबगुबीत पोरीचं चित्र होतं. आमच्या गल्लीतल्या पोरींनी बिस्किट खाल्लं नव्हतं असं नाही. पण ते बेकरीचं, वजनावर मिळणारं, आजारी माणसाला चहात बुडवून द्यायचं. हे वेगळं होतं. सगळी एकाच मापाची, कडेला नक्षी, मधे इंग्रजी अक्षरं. आम्ही आधी कडेची नक्षी कुरतडायचो, मग अक्षरं चाटायचो, आणि अर्धं घरी न्यायला ठेवायचो.

गल्लीच्या तोंडावरच्या दुकानदारानं ते पुडे ठेवायला सुरुवात केली. त्याची बायको चांगली होती, हसरी, हातची सढळ. तिच्यावर मला अजूनही राग धरता येत नाही, आणि धरायची फार इच्छा आहे. त्या वर्षी तिच्या घरी भुलाबाई झाली तेव्हा तिनं डबा हलवला. कागद चुरचुरला. आम्ही सगळ्या एका दमात ओरडलो, बिस्किट! तिनं झाकण उघडलं आणि प्रत्येकीच्या हातावर एक-एक अख्खं बिस्किट ठेवलं. प्रश्न नाहीत, हरणं नाही, पाच मिनिटांत काम झालं. पोरी इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी तिच्याचकडून सुरुवात करायची असं ठरलं.

मग एकेका घरचा डबा चुरचुरायला लागला. बायांना दोष देऊन काय करू? दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला तिन्हीसांजेला कढई ठेवायची नसली तर ती काय वाईट झाली? आमच्या आईनंच सगळ्यांत आधी सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं बाप्पा, रोज रोज काय करावं याचं मले कोडं पडे," ती म्हणाली. आईचं खरं होतं. तिच्यासाठी तो पुडा म्हणजे संध्याकाळची घटकाभर विश्रांती होती. ती तिला दुसरं कुणी दिली नव्हती.

फक्त काकूच्या ओट्यावर पोरी कमी व्हायला लागल्या. तिचं घर गल्लीच्या टोकाला. तिथवर येईस्तोवर पोरींची पोटं आणि हौस दोन्ही भागलेली असायची. आल्या तरी दोन गाण्यांत उरकायच्या. प्रश्न विचारायचा कंटाळा करायच्या. काकूनं डबा हलवला की कुणीतरी म्हणायचंच, "काकू, बिस्किट हाये का? नसलं तं नाही म्हण, आम्ही जातो." काकू हसायची. तिचं ते हसू ओठांवरच थांबायचं.

पुढच्या वर्षी तिनं काय केलं ते सांगते. कोजागिरीच्या आधीच्या बाजारी तिनं काकांना बिस्किटांचे पुडे आणायला लावले. काका ते पिशवीत झाकून आणत होते, पण आमच्या गल्लीत पिशवीला झाकण नसतं. तासाभरात सगळीकडे झालं, काकूकडे औंदा बिस्किटं हायेत. कोजागिरीच्या संध्याकाळी पोरींनी दुसरी घरं सोडली आणि आधी तिच्याकडे आल्या. सगळ्या. ज्या गेल्या वर्षापासून फिरकल्या नव्हत्या त्याही. अंगण भरलं. काकूनं जरीकाठी लुगडं नेसलं होतं, आणि भुलाबाईच्या मखराला झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. पोरींनी सगळी गाणी म्हटली, एकही गाळलं नाही. मी काकूच्या तोंडाकडे बघत होते आणि मला वाटलं, देवानं उशिरा का होईना ऐकलं.

गाणी संपली. काकू डबा घेऊन आली. हलवला. आवाज नाही.

"बिस्किट!" सगळ्या ओरडल्या.

"नाही," काकू म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

पोरी गोंधळल्या. कुणी म्हणालं वडी, कुणी अनारसे, कुणी पुन्हा बिस्किट. काकूनं प्रत्येक वेळी मान हलवली. शेवटी पोरींनी हात जोडले. हरलो बाई. काकूनं झाकण उघडलं. आत लाडू होते, बदामी रंगाचे, प्रत्येकावर एक चारोळी.

"कायचे हायेत वो?"

"वळखा न!" काकू म्हणाली, आणि तिला दम निघेना. "बिस्किटायचे! पाट्यावर वाटले, घरचं तूप टाकलं, गूळ टाकला. पाहा खाऊन!"

तिला वाटलं होतं की असं केलं तर पोरींना त्यांचं बिस्किट मिळेल आणि तिला तिचा खेळ मिळेल. सकाळपासून ती पाट्यावर बसली होती. कडेच्या नक्षीची, मधल्या अक्षरांची ती अख्खी बिस्किटं तिनं एकेक करून वरवंट्याखाली घातली होती. हे असं फक्त आमच्या काकूलाच सुचू शकत होतं.

पोरींनी डब्यात वाकून पाहिलं. मग सगळ्यांत धाकटी, शेजारच्या घरची, तिनं ओठ काढला आणि मोठ्यानं रडायला लागली. "काकूनं बिस्किटं फोडली वो माय! सारी बिस्किटं फोडली!"

आणि एक थोराड पोरगी म्हणाली, "आम्ही तं बिस्किटच म्हटलं होतं. तू नाही म्हणे. खोटं बोलली तू, काकू."

"नाही वो पोरी," काकू म्हणाली, "ते लाडू हायेत न. लाडू वेगळे..."

"बिस्किटाचेच न? मंग आम्हीच जिंकलो. तू खोटी खेळली."

पोरींनी लाडू घेतले, नाही असं नाही. पण हातात धरून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत ते दोन-तीन ठिकाणी पडलेले दिसले, मुंग्या लागलेले. आईनं ते काकूच्या नजरेला पडायच्या आत झाडून टाकले. मी माझा लाडू खाल्ला होता. चांगला झाला होता. हे मी काकूला सांगितलंसुद्धा, पण ती मखरासमोर बसून माळा सोडवत होती आणि तिनं वर पाहिलं नाही. उरलेले लाडू काका बरेच दिवस न्याहारीला खात होते.

त्या कोजागिरीला काकूनं भुलाबाईला ओवाळलं की नाही, मला माहीत नाही. पलीकडून भिंतीच्या भोकात चिंधी घातलेली होती.

त्यानंतर मी माहेरी असेतो ती दरवर्षी भुलाबाई बसवत राहिली. दार उघडं, ओट्यावर दिवा. मी जायची, धाकट्या बहिणीला ओढून न्यायची. दोघींनी काय फेर धरणार आणि काय गाणार? काकूच म्हणायची, "जा बायांनो, अभ्यास करा." वाळकाच्या बिया मागायला ती कुणाच्या घरी गेलेली मला पुन्हा दिसली नाही.

लग्न होऊन मी मेहकरला आले. तिथे मोठी बाजारपेठ, एसटी स्टँडवर दुकानांच्या रांगा, आणि प्रत्येक दुकानात टांगलेल्या रंगीत पाकिटांच्या माळा. माझी मुलगी त्या माळांखाली लहानाची मोठी झाली. बिस्किटाच्या चार जाती तिला नावानिशी सांगता यायच्या, ज्वारी आणि बाजरीतला फरक सांगता यायचा नाही. मी हसायची. हसण्याशिवाय काय करणार, पाकिटं मीच आणत होते.

ती पाच वर्षांची झाली त्या वर्षी आईचा निरोप आला, की काकू विचारते, कोजागिरीला नातीला आणशील का? काका तोवर गेले होते. मी हो म्हटलं. चिखलीला गाडी बदलून आम्ही दुपारी पोचलो. काकू ओट्यावरच होती. आधीच काडी, आता आणखी वाळलेली, एका डोळ्यात पांढरं उतरलेलं. तिनं माझ्या मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि मुलगी मागे सरली, कारण तो हात खरखरीत होता. मी पाहिलं, उजव्या अंगठ्याचं नख मधून चिरलं होतं आणि कडेला काळं पडलं होतं. "काय लागलं वो?" मी विचारलं. "काही नाही, म्हातारपण," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतला.

संध्याकाळी मखरासमोर आम्ही तिघीच होतो. मला आठवत होती तेवढी गाणी मी म्हटली. काकू टिपऱ्या वाजवत होती. मुलगी कंटाळली होती, पण बसून होती. मग काकू उठली, आत गेली, आणि तोच जुना पितळी डबा घेऊन आली. ती मुलीसमोर उकिडवी बसली, डबा तिच्या कानाशी नेला आणि हलवला. आवाज नाही.

"सांग मा सोनुली, खिरापत काय?"

"बिस्किट," माझी मुलगी म्हणाली. तिनं डब्याकडे पाहिलंही नव्हतं.

काकू थांबली. अगदी थोडी. तिचा चांगला डोळा मुलीच्या तोंडावर होता, आणि मुलगी तिच्याकडे बघत होती, आता खाऊ मिळणार म्हणून खूश.

"हाव वो माय," काकू म्हणाली. "बरोबर वळखलं. बिस्किटच! हरली बाई मी, हरली." आणि तिनं आपले दोन्ही हात जोडले. मुलीनं टाळ्या वाजवल्या, उड्या मारल्या. काकूनं झाकण काढलंच नाही. डबा काखेत धरून ती आत गेली आणि बाहेर आली ती फळीवरचा बिस्किटाचा पुडा घेऊन. तोच, पुड्यावर गुबगुबीत पोरगी असलेला. मुलगी दोन बिस्किटं घेऊन ओट्यावर पळाली.

मी आत गेले. चुलीशेजारी डबा ठेवला होता. मी झाकण काढलं. पळसाच्या पानात, एकावर एक नीट रचून, वाळकाच्या बियांच्या वड्या होत्या.

एका डोळ्यानं. त्या नखानं. उन्हाळाभर.

काकू मागे येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "काकू, तू हरली काऊन वो?"

तिनं माझ्या हातातून झाकण घेतलं आणि डब्यावर बसवलं. "लेकराच्या तोंडून पह्यला शब्दच बिस्किट निंघाला. नाही म्हटलं असतं तं तिचं तोंड उतरलं असतं. मांगं तशीच एक पोरगी रडली होती, याद हाये न तुले? मंग कोणीच आलं नाही वो." मग ती म्हणाली, "पुढच्या साली घेऊन येजो तिले. येशीन न?"

"येईन," मी म्हटलं.

"आजी, अजून एक!" बाहेरून मुलीनं हाक मारली. काकूनं डोळे पुसले, पुडा उचलला आणि लगबगीनं बाहेर गेली. "आली वो माय, आली," ती म्हणत होती, आणि तिच्या आवाजात खरोखरचा आनंद होता.